मिझेस-हायेक वाचणारी आपली मुलं

मुस्लिम समाजात अर्थकारणाचा विषय निघाला की गाडी दोनच स्टेशनांवर थांबते. एक आरक्षण आणि सरकारी योजना, दुसरं व्याज हराम की हलाल. पहिल्यात आपण सरकारकडे तोंड करून बोलतो, दुसऱ्यात मुफ्तीसाहेबांकडे. बाजार कसा चालतो, किंमत कशी ठरते, पैसा म्हणजे नेमकं काय, हे प्रश्न दोन्हीकडे बाजूलाच राहतात. ज्या समाजातले बहुसंख्य लोक दुकान, हातगाडी, यंत्रमाग, गॅरेज, कसाईखाना आणि छोट्या ठेकेदारीवर जगतात, त्या समाजाने बाजाराचा अभ्यास करू नये, याचं मला नेहमी नवल वाटतं.

अलीकडे मात्र काही तरुण मुलामुलींच्या तोंडी वेगळी नावं ऐकू येतात. मेंगर, मिझेस, हायेक, रॉथबार्ड. कुणी नोटाबंदीनंतर पैशाविषयीचे प्रश्न घेऊन तिथे पोहोचलं, कुणी बिटकॉइनच्या नादाने, कुणी सी.ए.च्या अभ्यासातून. बरेच जण चार व्हिडिओ पाहून थांबतात. थोडे मात्र पुस्तकापर्यंत जातात आणि हजार पानांचा ग्रंथ महिनोन्‌महिने वाचत बसतात. हा लेख या थोड्यांविषयी आहे.

यांच्याकडे पाहण्याची आपल्या वडीलधाऱ्यांची नजर फारशी चांगली नाही. डाव्या वळणाचे मित्र म्हणतात, ही भांडवलदारांची पोथी आहे. दीनदार मंडळी म्हणतात, हे लोक व्याजाचं समर्थन करतात. दोन्ही आक्षेपांत तथ्य आहे आणि दोन्ही अपुरे आहेत. माझं म्हणणं असं की या मुलांना वाचू द्यावं. इतकंच नव्हे, त्यांच्याशी वाद घालता यावा म्हणून आपणही वाचावं. पण अर्धं वाचून थांबू नये, कारण या घराण्याची अर्धी पुस्तकं वाचलेला माणूस न वाचलेल्यापेक्षा जास्त त्रासदायक असतो.

हे घराणं काय सांगतं

गाण्यात घराणी असतात तसं हे अर्थशास्त्रातलं व्हिएन्ना घराणं. 1871 मध्ये कार्ल मेंगर यांचं अर्थशास्त्राच्या मूलतत्त्वांवरचं पुस्तक आलं, तिथून त्याची सुरुवात धरतात. वस्तूचं मूल्य तिच्यात ओतलेल्या कष्टांनी ठरत नाही, ती वापरणाऱ्या माणसाला तिची किती गरज वाटते यावरून ठरतं, हा त्यांचा मुद्दा. घरात पाण्याचे दहा हंडे असतील तर दहाव्या हंड्याने अंगण धुतात. एकच असेल तर तो पिण्यासाठी जपून ठेवतात. पाणी तेच, मूल्य वेगळं. पैशाबद्दल मेंगर म्हणाले की तो कुणा राजाने फर्मान काढून जन्माला घातलेला नाही. अदलाबदलीत अडचण येते, म्हणून लोक सर्वांना सहज खपणारी वस्तू हाताशी ठेवू लागतात आणि हळूहळू तीच वस्तू पैसा होते.

पुढे 1920 मध्ये लुडविग फॉन मिझेस यांनी समाजवादी नियोजनाला एक साधा प्रश्न विचारला. यंत्रं, जमीन, कच्चा माल सगळंच सरकारच्या मालकीचं असेल तर त्यांची खरेदी-विक्री होणार नाही. खरेदी-विक्री नाही तर किंमत नाही. किंमत नाही तर रेल्वेमार्ग डोंगर फोडून न्यावा की वळसा घालून, यातलं स्वस्त काय हे कशावरून ठरवायचं? अधिकारी प्रामाणिक असो की लबाड, त्याच्याजवळ हिशेबाचं साधनच उरत नाही.

फ्रेडरिक हायेक यांनी 1945 च्या एका निबंधात हाच धागा पुढे नेला. त्यांनी कथलाचं उदाहरण घेतलं. जगात कुठेतरी कथिल टंचाईला आलं, तर ते वापरणाऱ्या लाखो लोकांना कारण कळण्याची गरज नसते. भाव चढलेला दिसतो आणि जो तो काटकसर करू लागतो. आपल्याकडे हे समजून घ्यायला भिवंडी किंवा मालेगावला जावं. सुताचा भाव चढला की मागवाला चौकशी समिती नेमत नाही. कापूस कुठे कमी पिकला, कुठल्या गिरणीने जास्त उचलला, हे त्याला ठाऊक नसतं. तो एक पाळी बंद ठेवतो, दुसऱ्या जातीचं सूत लावून पाहतो किंवा पडून असलेलं कापड आधी काढतो. हजारो मागवाले आपापल्या अडचणीप्रमाणे असे निर्णय घेतात आणि टंचाईचा भार वाटला जातो. हे सगळं ज्ञान एका टेबलावर गोळा करता येत नाही. कारण त्यातलं बरंचसं कागदावर नसतंच, माणसाच्या हातात आणि अनुभवात असतं.

या मांडणीत पैसेवाल्यांची तारीफ कुठेही नाही. माणसाचं ज्ञान तोकडं आहे, मग तो मंत्री असो वा कारखानदार, एवढंच ती सांगते. मुलांनी या घराण्याकडून पहिली गोष्ट घ्यायची तर ही नम्रता घ्यावी. इंटरनेटवर त्यांचं नाव घेऊन गुरगुरणाऱ्यांमध्ये नेमकी तीच नसते.

तरुणांनी हे आधीही शोधलं आहे

पहिल्या महायुद्धातून परतलेला तरुण हायेक सौम्य समाजवादी होता. साम्राज्य कोसळलं होतं, व्हिएन्नात महागाईने पगाराचे कागद झाले होते. त्याला मिझेस यांच्या हाताखाली सरकारी कचेरीत नोकरी मिळाली आणि 1922 मध्ये मिझेस यांचा समाजवादावरचा ग्रंथ आला. त्या पुस्तकाने आपल्या पिढीतल्या अनेकांचं मत पालटलं, असं हायेक यांनी पुढे लिहून ठेवलं आहे.

मिझेस स्वतः व्हिएन्ना विद्यापीठात पगारी प्राध्यापक कधीच झाले नाहीत. ते व्यापारी मंडळाच्या कचेरीत नोकरी करत आणि दर पंधरा दिवसांनी शुक्रवारी संध्याकाळी त्याच कचेरीत अभ्यासवर्ग भरवत. तिथे येणाऱ्यांत हायेक, माखलुप, हाबर्लर, मोर्गेनस्टर्न असे लोक होते. पुढे त्यांतल्या कित्येकांनी गुरूशी अनेक बाबतींत मतभेद घेतले. वर्ग चालला तो वाचनावर आणि वादावर, पदवीवर नाही. मिझेस ज्यू होते. नाझींचं सावट पाहून ते 1934 मध्ये जिनिव्हाला गेले. 1938 मध्ये नाझींनी त्यांचं व्हिएन्नातलं घर लुटलं, कागदपत्रं नेली. 1940 मध्ये ते न्यूयॉर्कला पोहोचले तेव्हा साठीला टेकले होते. राज्यसत्ता बेलगाम झाली की अल्पसंख्य माणसाचं काय होतं, हे त्यांना पुस्तकातून शिकावं लागलं नाही.

दुसरा प्रसंग अमेरिकेतला. मिझेस 1973 मध्ये वारले तेव्हा हे घराणं जवळजवळ विस्मरणात गेलं होतं. जून 1974 मध्ये व्हरमाँट राज्यातल्या साउथ रॉयल्टन या लहानशा गावी पन्नासेक जण जमले. त्यांत तरुण अभ्यासकांचा भरणा होता, आणि रॉथबार्ड, कर्झनर व लाखमान या तिघांनी त्यांच्यापुढे व्याख्यानं दिली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हायेक यांना नोबेल मिळालं, तेही गुन्नार मिर्डाल यांच्यासोबत विभागून. मिर्डाल हे अगदी विरुद्ध मताचे. दोन टोकांच्या माणसांना एकाच वेळी गौरवता येतं, हेही आपल्या मुलांनी लक्षात ठेवावं.

आपल्याला याचं काय

आता आपल्या दारापाशी येऊ. मुस्लिम तरुणाने हे का वाचावं? मला तीन कारणं दिसतात.

पहिलं कारण कायद्याचं राज्य. हायेक यांनी 1944 च्या ‘द रोड टू सर्फडम’ या पुस्तकात कायद्याच्या राज्याचा अर्थ सोपा करून सांगितला आहे. सरकारचे नियम आधीपासून जाहीर असावेत, सर्वांना सारखे असावेत आणि कुणाला वठणीवर आणायचं हे मनात ठरवून ते वापरता येऊ नयेत. आपल्या देशात गेल्या काही वर्षांत आरोप होताच घरावर बुलडोझर गेला. 13 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की पंधरा दिवसांच्या नोटिशीशिवाय आणि ऐकून घेतल्याशिवाय असं घर पाडता येणार नाही.

संपत्तीचा हक्क म्हणजे श्रीमंतांचा हक्क, असं आपल्या पुरोगामी वर्तुळात पिढ्यान्‌पिढ्या मानलं गेलं. 1978 च्या 44 व्या घटनादुरुस्तीने तो मूलभूत हक्कांच्या यादीतून काढला, तेव्हा आपल्यापैकी फार कमी लोकांना दुःख झालं. जमीनदारी मोडण्यासाठी त्या हक्काला मुरड घालणं गरजेचं होतं, हे मी नाकारत नाही. पण श्रीमंताचं संरक्षण त्याचे वकील आणि ओळखी करतात. दोन खोल्यांच्या घरवाल्याकडे कायद्याशिवाय दुसरं काय असतं? हा हक्क सगळ्यात जास्त गरिबाला आणि त्यातही नकोशा गरिबाला लागतो, ही गोष्ट बुलडोझरने आपल्याला शिकवली. पुस्तकाने आधी शिकवली असती तर बरं झालं असतं.

दुसरं कारण रोजगाराचं. 2006 च्या सच्चर समितीच्या अहवालात स्पष्ट नोंद आहे की मुस्लिमांत स्वयंरोजगाराचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त आहे, आणि काही बँका मुस्लिमबहुल वस्त्यांना कर्जाच्या दृष्टीने टाळण्याजोग्या समजतात. आपण त्या अहवालातला नोकऱ्यांचा भाग पाठ केला आणि हा भाग विसरलो. परवाना, हप्ता, जप्ती, अचानक बदललेला नियम, यांचा मार नोकरदाराला कमी बसतो. हातगाडीवाल्याला, मागवाल्याला, कुरेशी व्यापाऱ्याला जास्त बसतो. 8 नोव्हेंबर 2016 च्या रात्री देशातल्या चलनाच्या मूल्यापैकी सुमारे 86 टक्के चलन बाद झालं. रोखीत मजुरी देणाऱ्या यंत्रमाग गावांनी त्याचे चटके सोसले. शेवटी जवळजवळ सगळ्या नोटा रिझर्व्ह बँकेत परत आल्या. एका टेबलावरून कोट्यवधी लोकांचे व्यवहार सुधारता येतात, या समजुतीची ती किंमत होती. हायेक यांचा 1945 चा निबंध त्या आठवड्यात वाचला असता तर प्रत्येक ओळ समोर घडताना दिसली असती.

तिसरं कारण आपल्याच इतिहासाचं. महंमद बिन तुघलकाने देवगिरीला दौलताबाद केलं, हे महाराष्ट्रातल्या प्रत्येक मुलाला माहीत असतं. त्याच सुलतानाने 1329-30 च्या सुमारास चांदीच्या नाण्याच्या भावाने हलक्या धातूचं नाणं चालवून पाहिलं. घरोघर टांकसाळी निघाल्या, व्यापाऱ्यांनी ते नाणं घेणं टाळलं. अखेर सुलतानाला ती नाणी परत घेऊन खजिन्यातून सोनं-चांदी मोजावी लागली. जवळपास पाऊण शतकानंतर कैरोत मक्रीझी यांनी इजिप्तच्या दुष्काळावर आणि महागाईवर पुस्तक लिहिलं. त्यात तांब्याच्या नाण्यांचा सुळसुळाट हे महागाईचं एक कारण म्हणून दाखवलं. इब्ने खल्दून यांनी 1377 च्या ‘मुकद्दिमा’मध्ये लिहिलं की राजवट नवी असताना कर हलके असतात आणि महसूल भरपूर येतो, राजवट म्हातारी झाली की कर जड होतात आणि महसूल आटतो. राजाने स्वतः व्यापारात उतरू नये, त्याने रयतेचं नुकसान होतं, असंही त्यांनी बजावलं. मदरशांतून आणि कॉलेजांतून ही नावं आपण अभिमानाने घेतो. त्यांनी नेमकं काय म्हटलं हे विचारलं की मात्र शांतता पसरते. व्हिएन्नाच्या वाटेने का होईना, एखादा मुलगा इब्ने खल्दूनपर्यंत पोहोचला तर त्यात वाईट काय?

‘आमच्याकडे आधीच होतं’ हा मोह

इथे एक धोका आहे. आपल्याला दुसऱ्याची कुठलीही चांगली गोष्ट दिसली की ती आमच्याकडे आधीच होती असं सिद्ध करण्याची घाई होते. मदिनेत भाव चढले तेव्हा लोकांनी पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांना भाव बांधून देण्याची विनंती केली आणि त्यांनी नकार दिला, ही हदीस प्रसिद्ध आहे. कुणाच्या मालावर अन्याय केल्याचा दावा माझ्यावर राहू नये, असा त्या उत्तराचा आशय आहे. ही हदीस हाती लागली की आपला तरुण उड्या मारतो: पाहा, इस्लाम आणि मिझेस एकच!

पण पुढे वाचावं लागतं. व्यापारी संगनमत करून लोकांना नाडत असतील तर भाव बांधता येतो, असं मत इब्ने तैमिया यांनी याच हदीसची चर्चा करताना मांडलं. अलाउद्दीन खिलजीने दिल्लीत धान्यापासून घोड्यांपर्यंत भाव बांधले आणि दरबारी इतिहासकारांनी त्याचं कौतुकही केलं. म्हणजे मुस्लिम इतिहासात दोन्ही बाजू आहेत. इमाम गझालींनी ‘इह्या’मध्ये केशर आणि उंटाचं उदाहरण घेऊन अदलाबदलीची अडचण समजावली आहे. ती मेंगरच्या वर्णनाशी जुळते, हे खरं. पण गझालींच्या मते दिनार-दिरहम ही अल्लाहने नेमलेली मापं आहेत. मेंगरच्या मते ती माणसांच्या सवयीतून घडलेली. साम्य पाहताना हा फरक झाकला तर दोघांवरही अन्याय होतो.

साउथ रॉयल्टनच्या त्या सभेत मिल्टन फ्रीडमन पाहुणे म्हणून आले होते. ऑस्ट्रियन अर्थशास्त्र असं काही नसतं, अर्थशास्त्र चांगलं असतं किंवा वाईट, असा टोला त्यांनी यजमानांनाच लगावला. हाच टोला आपल्या ‘इस्लामी अर्थशास्त्रा’लाही लागू करून पाहायला हरकत नाही. ही संज्ञा फार जुनी नाही. विसाव्या शतकात भारतीय उपखंडात, मौदुदींसारख्यांच्या लेखनातून ती रुजली, हे तिमूर कुरान या अर्थतज्ज्ञांनी सविस्तर दाखवलं आहे. त्यांचं सगळं पटलं पाहिजे असं नाही, पण वाचलं तरी पाहिजे.

या बाबतीत मला इस्राएल कर्झनर यांचं उदाहरण फार मोलाचं वाटतं. ते मिझेस यांचे न्यूयॉर्कमधले विद्यार्थी. 1973 चं त्यांचं स्पर्धा आणि उद्योजकतेवरचं पुस्तक या घराण्यातलं महत्त्वाचं मानतात. बाजारात कुणाच्या लक्षात न आलेली संधी ज्याच्या नजरेला पडते तो उद्योजक, असं त्यांचं प्रतिपादन. हे गृहस्थ ज्यू धर्मशास्त्राचे मोठे पंडित आणि राबायही. त्यांनी अर्थशास्त्राला टोपी घातली नाही आणि धर्माला अर्थशास्त्राचा दाखला लावला नाही. दोन्ही अभ्यास पूर्ण गांभीर्याने केले, आपापल्या जागी ठेवून. आपल्या आलिमांना आणि अर्थशास्त्राच्या पदवीधरांना या उदाहरणातून शिकण्यासारखं बरंच आहे.

खरी अडचण रिबाची

आता सगळ्यात अवघड जागा. आपली बरीच मुलं या घराण्याकडे आकर्षित होतात ती एका गैरसमजातून. ऑस्ट्रियन लोक मध्यवर्ती बँकांवर, हवेतून निर्माण होणाऱ्या पतपैशावर टीका करतात. मुलांना वाटतं, हे आपल्यासारखेच व्याजाच्या विरोधात आहेत. तसं मुळीच नाही. त्यांची तक्रार अशी की बँका व्याजदर कृत्रिमपणे फार खाली आणतात, त्यामुळे नको त्या प्रकल्पांत पैसा ओतला जातो आणि पुढे मंदी येते. त्यांना व्याज कमी असणं खटकतं. आपल्याला ते असणंच खटकतं. या दोन तक्रारी एकमेकींच्या गळ्यात बांधता येत नाहीत.

उलट व्याजाची सगळ्यात भक्कम बाजू याच घराण्याने मांडली. बोम-बावर्क यांनी 1880 च्या दशकात व्याजावर मोठा ग्रंथ लिहिला. आज हातात असलेली वस्तू माणसाला वर्षभराने मिळणाऱ्या त्याच वस्तूपेक्षा मोलाची वाटते, या फरकातून व्याज जन्मतं, असं त्यांनी सांगितलं. मिझेस तर म्हणाले की हा फरक मानवी कृतीचाच भाग आहे, कायद्याने तो नाहीसा करता येत नाही.

मुस्लिम तरुणाने याला काय उत्तर द्यावं? काही जण हे प्रकरण वाचायचंच टाळतात. ते बरोबर नाही. मला दिसणारी वाट अशी. काळाला किंमत असते हे आपल्या फिक्हलाही ठाऊक आहे. रोखीचा भाव एक आणि उधारीचा भाव जास्त, असा सौदा बहुतेक फुकहांनी जायज ठरवला आहे; मुराबहा त्यावरच उभी आहे. म्हणजे काळाची किंमत नाकारलेली नाही. मनाई एका विशिष्ट कराराला आहे: कर्ज दिलेल्या पैशावर, घेणाऱ्याचं काहीही होवो, ठरलेली वाढ वसूल करणं. मुदारबामध्ये भांडवल देणारा नफ्यात भागीदार असतो आणि भांडवल बुडालं तर तोटाही सोसतो. अर्थशास्त्र सांगतं की काळाचा फरक असतो. शरियत सांगते की तो फरक कुठल्या करारातून घ्यावा आणि कुठल्यातून घेऊ नये. पहिलं वस्तुस्थितीचं विधान, दुसरं कर्तव्याचं. मिझेस स्वतःही अर्थशास्त्राने काय करावं हे सांगू नये, कशाने काय होतं एवढंच सांगावं, असं म्हणत.

पण यातून एक कडू निष्कर्ष निघतो आणि तो गिळायला हवा. व्याज हटवलं की भांडवल फुकट मिळेल, असं जे मिंबरवरून कधीकधी सांगितलं जातं, ते खरं नाही. तो खर्च भाड्यात, उधारीच्या भावात, नफ्याच्या वाट्यात कुठेतरी दिसणारच. आणि ‘बिनव्याजी’ पाटी लावून वर्षाला भरमसाठ नफ्याची हमी देणाऱ्या योजनांनी आपल्या लोकांची आयुष्यभराची बचत खाल्ली, हे प्रत्येक मोहल्ल्याला ठाऊक आहे. जिथे तोट्यात वाटा नाही आणि हमी मात्र आहे, तिथे नाव काहीही असो, काहीतरी चुकतंय, एवढं ओळखण्यापुरतं अर्थशास्त्र शिकलो तरी पुष्कळ घरं वाचतील.

या घराण्याच्या काळ्या बाजू

कौतुक पुरे. हायेक 1977 मध्ये चिलीला गेले आणि हुकूमशहा पिनोशेला भेटले. स्वातंत्र्य न मानणाऱ्या लोकशाहीपेक्षा बाजाराला मोकळीक देणारा हुकूमशहा परवडला, अशा आशयाचं ते 1981 मध्ये बोलले. त्या राजवटीच्या तुरुंगात मेलेल्यांच्या कुटुंबांना विचारा, स्वातंत्र्य म्हणजे काय. रॉथबार्ड यांनी 1992 च्या एका लेखात क्लू क्लक्स क्लॅनच्या एका माजी नेत्याच्या निवडणूक मोहिमेचा आदर्श सांगितला आणि पोलिसांना जागच्या जागी शिक्षा देण्याची मोकळीक असावी असं लिहिलं. आयुष्यभर राज्यसत्तेला शिव्या घालणारा माणूस शेवटी पोलिसांच्या दांडक्यापाशी पोहोचतो. जागच्या जागी शिक्षा म्हणजे काय, हे बुलडोझर पाहिलेल्या समाजाला समजावून सांगायला नको.

म्हणून विचार आणि विचारवंत वेगळे ठेवावेत. हायेक यांच्याच 1944 च्या पुस्तकात असंही आहे की सुस्थितीतल्या समाजाने प्रत्येकाला किमान अन्न, वस्त्र, निवाऱ्याची हमी द्यायला हरकत नाही. त्यांचं नाव घेऊन रेशन बंद करा म्हणणाऱ्यांनी हे पान उलटलेलं नसतं. अर्जेंटिनात 2023 च्या अखेरीस हावियर मिलेई अध्यक्ष झाले. रॉथबार्डच्या वाचनाने आपण बदललो असं ते सांगतात. त्या वर्षी तिथली महागाई 211 टक्क्यांवर होती, पुढच्या वर्षी ती 118 टक्क्यांच्या आसपास आली. दरम्यान 2024 च्या पूर्वार्धात गरिबी 53 टक्क्यांपर्यंत चढली आणि उत्तरार्धात 38 टक्क्यांवर उतरली. यातला एकच आकडा सांगणारा माणूस, कुठल्याही बाजूचा असो, प्रचारक समजावा.

आणखी एक प्रश्न या पुस्तकांत पुरेसा सुटत नाही. नाव ऐकून घर भाड्याने न देणं हे सरकारचं काम नाही, शेजाऱ्याचं आहे. बाजारात पूर्वग्रहही व्यवहार करतात. तिथे कोणता कायदा हवा, हे आपल्याला स्वतःच्या डोक्याने ठरवावं लागेल.

सोबत काय वाचावं

याबाबतीत मराठी वाचकाच्या घरातच मोठा आधार आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं रुपयाच्या प्रश्नावरचं पुस्तक 1923 मध्ये आलं. त्यात त्यांनी केन्स यांच्या मताला विरोध केला आणि चलन व्यवस्थापकांच्या मर्जीवर सोडण्याचा धोका दाखवला. त्याच बाबासाहेबांनी 1947 मध्ये ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये महत्त्वाचे उद्योग आणि शेतजमीन राज्याच्या मालकीची असावी असा आराखडा मांडला. चलनाबाबत सरकारवर अविश्वास आणि जमिनीबाबत सरकारवर भरवसा, या दोन गोष्टी एकाच बुद्धिमान माणसाच्या मनात कशा नांदल्या? जमीन आणि गावगाडा ज्याच्या विरोधात होता, त्या माणसाला बाजार कसा दिसला असेल? हा प्रश्न घेऊन मिझेस वाचला तर वाचन पोपटपंची राहत नाही.

दुसरे बी. आर. शेनॉय. लंडनमध्ये हायेक यांची व्याख्यानं ऐकलेला हा अर्थतज्ज्ञ. 1955 मध्ये दुसऱ्या पंचवार्षिक योजनेवरच्या अर्थतज्ज्ञांच्या मंडळात एकट्याने विरोधाची टिपणी जोडणारा. तुटीच्या अर्थभरण्याने महागाई आणि परकीय चलनाचं संकट येईल, असं ते म्हणाले, आणि दोन वर्षांत चलनसंकट आलंही. तिसरे शरद जोशी. कांद्याच्या भावावरून त्यांनी चाकणच्या शेतकऱ्याला जे समजावलं ते शुद्ध मराठीत होतं आणि त्याला कुठल्याही परदेशी नावाची गरज पडली नाही. डिसेंबर 2023 ते मे 2024 कांद्याची निर्यात बंद होती, तेव्हा लासलगावच्या शेतकऱ्याला त्यांचं म्हणणं पुन्हा आठवलं असेल. मुस्लिम तरुणांनी शेतकरी संघटनेचं साहित्य वाचलेलं मला फारसं दिसत नाही. खरं तर बैलाचा बाजार बंद पडतो तेव्हा कुरेशी आणि शेतकरी यांचं नुकसान एकाच व्यवहारात होतं. ते दोघांना एकत्र बसून सांगणारं अर्थशास्त्र आपल्याकडे हवं आहे.

शेवटी प्रत्यक्षातलं. आपल्या जवळजवळ प्रत्येक मोहल्ल्यात एखादी लायब्ररी, अंजुमन किंवा मशिदीला लागून रिकामी खोली असते. पाच-सहा मुलं-मुली पंधरा दिवसांतून एकदा बसली तरी पुरे. सुरुवात हॅझलिट यांच्या 1946 च्या छोट्या पुस्तकाने करावी, ते दोन बैठकांत होतं. मग हायेक यांचा 1945 चा निबंध, मग मेंगर. सोबत आंबेडकरांचा रुपया, बिनव्याजी बँकिंगवर नेजातुल्लाह सिद्दीकी, आणि विरुद्ध बाजूने केन्स. प्रत्येक बैठकीत एकाने लेखकाची बाजू मांडावी आणि एकाने ती फोडून काढावी. पुढच्या वेळी दोघांनी जागा बदलाव्यात. आणि सगळं मराठीत बोलावं. जो मुद्दा आपल्या अम्मीला किंवा कारखान्यातल्या कारागिराला मराठीत किंवा दखनीत सांगता येत नाही, तो अजून आपल्याला समजलेला नसतो.

त्यांतला एखादा मुलगा पुढे समाजवादी होईल, एखादी मुलगी पक्की बाजारवादी होईल, एखादा फिक्हकडे वळेल. होऊ द्यावं. सरकारकडे मागण्याचं निवेदन लिहिणारी पिढी आपण तयार केली. आता सरकारचं अंदाजपत्रक वाचून त्यातली चूक दाखवणारी पिढी हवी आहे, आणि ती अशाच बैठकांतून येईल.